संगमरवरातलं एक अक्षर

४ मार्च, सोमवार

भिंगरे,

मी आपणहून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझी मामी ऐकते. हे काम तिच्या कानावर जायला नको. म्हणून उत्तर घरच्या पत्त्यावर न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठव. दुकानात दगडांशिवाय कुणी नसतं.

शहरात जाऊन तुला चार महिने झाले. डोळे तपासायचं काम जमतंय ना? लहानपणी एका जागी पाय ठरत नव्हता म्हणून तुला भिंगरी म्हणायचो, आता भिंगं विकतेस म्हणून म्हणतो. नाव वाया गेलं नाही.

तर काम असं. घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत एक जुनं चॅपल आहे. बाहेरून दिसतच नाही, नुसतं एक लोखंडी फाटक दिसतं. आत अंगण, अंगणाच्या टोकाला चॅपल आणि चॅपलच्या डाव्या हाताला मारियामातेचं स्थान. त्या भिंतीवर लोकांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, कुणी आजारातून उठलं, कुणाचं जहाज परत आलं, त्याच्या आभाराच्या. खालून तिसऱ्या ओळीत, खिडकीकडून चौथी पाटी माझ्या हातची आहे. मामी टायफॉइडमधून वाचली तेव्हा तिच्या वडिलांनी सांगून करून घेतलेली. तेव्हा मामी मामी नव्हती आणि मी शहरातल्या एका वस्तादांकडे अक्षरं कोरायचो. सगळी पाटी एकट्याने कोरायची माझी ती पहिलीच वेळ.

यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. मामीने जाहीर केलंय की तिला ती पाटी बघायचीय, आणि मी नेलं नाही तर ती एकटी बसमध्ये बसून जाईल. तिने ती अजून एकदाही पाहिलेली नाही. तू आधी जाऊन बघून ये. उजेड कसा आहे, पाटी नीट दिसते का, समोर एखादं कपाट वगैरे ठेवलंय का, एवढंच कळव. कपाट असेल तर मोठं आहे का तेही लिही.

तुझा
मामा


११ मार्च, सोमवार

प्रिय मामा,

बुधवारी मला अर्धी सुट्टी असते. जेवणाचा डबा बॅगेतच ठेवून मी तडक घड्याळाच्या मनोऱ्याकडे गेले. फाटकासमोरून दोनदा पुढे निघून गेले. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला चपलांचं दुकान, आणि मधे खांदे चोरून उभं असलेलं तुमचं फाटक!

आत पाऊल टाकलं आणि रस्त्याचा आवाज एकदम बंद. अंगणात एक बाई लांब दांड्याच्या झाडूने पाणी लोटत होती. चॅपल इतकं लहान आहे की शेवटच्या बाकावरचा माणूस शिंकला तर फादरनी तिथूनच बरं वाटतंय का विचारावं. पण छत उंच, निळं, आणि त्यावर सोनेरी चांदण्या, त्यातल्या निम्म्या पुसलेल्या. मेणाचा वास. लाकडी बाकांना इतक्या लोकांच्या हातांनी चकाकी आलीय की पॉलिश करायची गरज पडत नसेल. मारियामातेची मूर्ती मला वाटली होती त्यापेक्षा छोटी निघाली. तिच्या पायाशी पत्र्याच्या ताटात पन्नासेक मेणबत्त्या तेवत होत्या. मी पण एक लावली. कुणासाठी ते ठरलं नव्हतं, तरी लावली.

आणि ती भिंत! मामा, गुडघ्यापासून छतापर्यंत नुसते आभार. 'मुलगा परतला, आभार.' 'दृष्टी आली, आभार.' ती वाचून मी मनात म्हटलं, बाई, आमच्याकडे नंबर काढायला या. एका पाटीवर तर फक्त 'तुला माहीत आहे' एवढंच. मी तिथे बराच वेळ उभी होते.

तुमची पाटी लगेच सापडली नाही, कारण एक म्हातारे गृहस्थ तिच्यावर हात टेकून उभे होते. ते गेल्यावर पाहिली. अक्षरं काय सुरेख आहेत हो! ओळ सरळ, दोन अक्षरांमधली जागा मोजून घेतल्यासारखी. मी दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते, मला त्यातलं कळतं. सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत. उजेड भरपूर आहे, बाजूच्या खिडकीतून थेट तिच्यावर पडतो. कपाट नाही.

मामींना माझा नमस्कार सांगता येणार नाही, म्हणून मनातच ठेवते.

तुमची
भिंगरी

ता.क. कोरताना तुमच्या धंद्यात कधी एखादं अक्षर चुकतं का हो? सहज विचारते.


१६ मार्च, शनिवार

भिंगरे,

सहज विचारते म्हणे! ज्या मुलीला पाच पावलांवरून बारीक ओळ वाचता येते ती माझी हातभर लांब पाटी वाचणार नाही का? 'सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत' हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा घाम पुसला. वाचलंस तू. तर आता मीच लिहितो, म्हणजे तुला खोटं बोलायचे कष्ट नकोत.

पाटीवर असायला हवं होतं: 'माते, आम्ही सदैव तुझे आभारी आहोत.'

पाटीवर आहे: 'माते, आम्ही सदैव तुझे आजारी आहोत.'

हस. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या वस्तादांचा एकच नियम होता, कागदावर असेल तेच दगडावर. गिऱ्हाईकाने लिहून दिलेला कागद कार्बन ठेवून दगडावर उतरवायचा आणि छिन्नी चालवायची. आपलं डोकं चालवायचं नाही. एकदा एका कारागिराने गिऱ्हाईकाचं आडनाव शहाणपणाने सुधारलं होतं, आणि ते आडनाव खरोखरच कागदावर होतं तसंच निघालं. तेव्हापासूनचा हा नियम. आणि कोरताना माणूस शब्द वाचतच नाही गं. उभी रेघ, गोलाई, पुन्हा उभी रेघ. तुझ्याकडे लोक तक्त्यावरचं एकेक अक्षर म्हणतात तसंच.

पाटी भिंतीत बसवली, चुना पुसला, दहा पावलं मागे आलो आणि पहिल्यांदा ती वाचली. कागद खिशातच होता. उघडून बघतो तर त्यावर स्वच्छ, वळणदार अक्षरात 'आजारी'. तो कागद त्या घरातल्या मुलीने, नुकत्याच बऱ्या झालेल्या मुलीने, लिहिला होता. म्हणजे तुझ्या मामीने.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो, सांगायला. दार तिनेच उघडलं. सहा महिने अंथरुणात काढलेली मुलगी, केस कापलेले, डोळे हे एवढे. तिला कोणत्या तोंडाने सांगू की बाई, तू देवाच्या दारात चूक लिहिलीस? मी पाणी मागितलं, प्यालो आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायला गेलो, पुन्हा पाणी प्यालो. तिसऱ्या खेपेला तिच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या घरी पाणी येत नाही का?" त्यातून पुढचं सगळं झालं. वडिलांना जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा लावायची लाज वाटायची, त्यामुळे त्यांना पाटी कायम बरोबरच वाटली. लग्नानंतर वर्षभर चॅपलचं छत दुरुस्तीला काढलं होतं, आणि तेवढ्यात आम्ही इकडे राहायला आलो. तेव्हापासून मी चाळीस वर्षं सबबी सांगतोय.

तुला यात गंमत वाटेल. पण तुझ्या मामीने तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. निम्म्या गावाच्या वह्या तिने लाल केल्यात. लग्नाच्या पत्रिका अजून लोक छापायच्या आधी तिला दाखवून नेतात. त्या बाईची चूक, तिच्या स्वतःच्या बरं होण्याच्या पाटीवर, संगमरवरात, सगळ्या शहराने वाचावी अशी! ती बघेल तर पाणी पाणी होईल. तिचं ते तोंड मला बघायचं नाहीये. बाकी काही मला मागायचं नाही.

दगडातलं अक्षर खोडता येत नाही. सगळा पृष्ठभाग घासून खाली घ्यावा लागतो. म्हणून मी त्याच मापाचा नवीन संगमरवर आणून कोरायला घेतलाय. तू तिथल्या सिस्टरना विचार, जुनी काढून नवी बसवू देतील का? गोड बोल. तुला येतं.

मामा


२४ मार्च, रविवार

प्रिय मामा,

हसले. बसमध्ये पत्र वाचत होते, शेजारची बाई उठून दुसऱ्या जागेवर गेली.

गुरुवारी दुकानातून तास काढून सिस्टरना भेटले. त्या सत्तरीच्या आहेत, बुटक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि मेणबत्त्यांची खोकी. मी फार गोड बोलले. म्हटलं, एका पाटीत चूक राहिलीय, कारागीर स्वतः नवी बसवून देणार आहेत, तुम्हाला काही त्रास नाही.

"कुठली पाटी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आजारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ती? ती पाटी काढली तर लोक मला या अंगणातून बाहेर काढतील."

मग मला घेऊन त्या भिंतीपाशी आल्या. "बघ," म्हणाल्या, "ही सगळी बऱ्या झालेल्यांची भिंत. सगळे आभार मानून मोकळे. ज्याचं अजून काहीच बरं झालेलं नाही, त्याने इथे येऊन कुठे हात ठेवायचा? चाळीस वर्षांत ही एकच पाटी सापडलीय लोकांना. आणि तीही कशी, तुझे आजारी आहोत! तुझे! कुणी मुद्दाम ठरवून लिहिलं असतं तरी एवढं सुचलं नसतं."

मामा, मी तिथे पाऊण तास बसले आणि मोजले नाहीत, पण लोक येतच होते. हाताला प्लास्टर घातलेला एक ड्रायव्हर. पोटुशी बाई. एक कॉलेजातली मुलगी, तिला वरवर तरी काही झालेलं दिसत नव्हतं. सगळे पाटीवर हात ठेवतात, ओठ हलवतात आणि जातात. तुमच्या 'ज'चा काळा रंग केव्हाच गेलाय. कडा गुळगुळीत झाल्यात. इतर पाट्या निस्तेज दिसतात, तुमची चमकते. मागच्या पत्रात मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल लिहिलं होतं, तेही याच कामाला आले होते. मला तेव्हा कळलंच नाही.

एक सांगू? मी पण हात ठेवला. मला बरं नाही असं नाही. पण इथे पहिले दोन महिने मी रोज घरी येऊन भिंतीकडे बघत जेवत होते आणि आईला फोनवर मजेत आहे म्हणून सांगत होते. आता खरंच मजेत आहे. तरी हात ठेवल्यावर बरं वाटलं. तुम्ही कोरलेलं होतं ना.

तर नवी पाटी बसणार नाही. सिस्टर म्हणाल्या, कारागिराला सांग, एकदा येऊन मला भेटून जा.

भिंगरी


२९ मार्च, शुक्रवार

भिंगरे,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून वाचलं. ज्या पाटीची आठवण आली की मी कूस बदलायचो, तिच्यावर लोक हात ठेवतात. तू पण ठेवलास. मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही, मला फक्त दुसऱ्यांनी लिहिलेलं कोरता येतं. नवा दगड अर्धा झाला होता, तो झाकून ठेवलाय.

पण इकडचं घोडं अडलंच आहे. मामीने तिकिटं काढली! मला न विचारता, येत्या शुक्रवारची. ड्रायक्लीनरकडून साडीसुद्धा आणून ठेवलीय. तिला लोकांनी हात ठेवल्याचं कौतुक नंतर वाटेल, आधी तिला तो शब्द दिसेल. मी तिला ओळखतो. जाहिरातीच्या फलकावर वेलांटी चुकली असली तरी ती बस सुटेपर्यंत तिकडेच बघत असते.

म्हणून माझं ठरलंय. मी सांगणार की चूक माझी. कागदावर बरोबर होतं, माझा हात चुकला. अक्षरं कोरणाऱ्याने असं म्हणणं म्हणजे काय ते तुला समजेल. सगळी हयात मी एकही अक्षर चुकलो नाही हे ती सगळ्यांना सांगत फिरते. आता नाही सांगणार. चालेल. तू फक्त माझ्या हो ला हो म्हण. मामीच्या हातचा तो जुना कागद फाडायला घेतला होता, पण फाडवेना, पाकिटातच ठेवलाय.

गाडी अकराला पोचते.

मामा


९ एप्रिल, मंगळवार

चि. भिंगरीस,

हे पत्र मी घरच्याच टेबलावर बसून उघडपणे लिहिते आहे. तुझे मामा समोर पेपर वाचल्यासारखं करत बसले आहेत.

परतताना गाडीत त्यांनी तुझी दोन्ही पत्रं माझ्या हातात दिली. छान लिहितेस. 'गुळगुळीत' बरोबर लिहिलंस, पुष्कळ जण चुकतात. माझ्यापासून लपवून लिहिलीस याचे गुण मात्र कापले आहेत.

तू आम्हाला फाटकाशी सोडून दुकानात पळालीस. संध्याकाळी तुझ्या खोलीवर आलो तर मामा एकटेच हसत होते, आणि तू विचारून विचारून थकलीस तरी आम्ही दोघं बोललो नाही. यांनी मला शपथ घातली होती की हे लिहूनच कळवायचं, कारण सगळा घोळ लिहिण्यातूनच झालाय. तर ऐक.

आत गेल्यावर हे माझ्यापुढे चालायला लागले. चाळीस वर्षांत कधी पुढे चालले नाहीत, मला आश्चर्यच वाटलं. पाटीसमोर पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात मागे, आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "हे बघ, तू चिडू नकोस. तू कागदावर अगदी बरोबर लिहिलं होतंस. माझा हात चुकला. तेव्हा मी नवखा होतो."

मी म्हटलं, "अहो, बाजूला व्हा."

झाले बाजूला. मी वाचलं. आजारी. हे बघत होते माझ्या तोंडाकडे आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, माझी चूक, माझी चूक. मी बाकावर बसले आणि म्हटलं, "खोटं बोलू नका. कागदावर 'आजारी'च लिहिलं होतं. मी मुद्दाम लिहिलं होतं."

भिंगरे, आता तुलाही सांगायला हरकत नाही. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. सहा महिने खिडकीतून फक्त समोरची गल्ली बघत होते. एक दिवस पाटीचं माप सांगायला एक कारागीर आला, केसांत दगडाची पांढरी धूळ, आणि वडिलांशी बोलताना टोपी हातात धरून उभा. वडिलांनी मला मजकूर लिहायला सांगितलं. मला वाटलं, यात एक ढळढळीत चूक घातली की हा विचारायला परत येईल. मजकूर चुकला तर विचारायला नको का? कोणीही विचारेल! हा बाबा विचारायला आलाच नाही, कोरून मोकळा झाला!

दहा दिवसांनी आले, तेव्हा मी दार उघडलं आणि वाट बघत उभी राहिले, आता विचारतील, मग विचारतील. यांनी पाणी मागितलं. मी समजले, याने चूक ओळखली, गुपचूप दुरुस्त केली आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून बोलत नाही. किती समजूतदार माणूस! त्या एका गोष्टीवर मी लग्नाला हो म्हटलं. आणि मग सांगायची लाज वाटली, की देवाच्या पाटीवर मी असला पोरकटपणा केला होता. यंदा ठरवलं, की ती दुरुस्त केलेली पाटी डोळ्यांनी बघायची आणि तिथेच यांना सांगून टाकायचं. म्हणून तिकिटं काढली.

मी हे सगळं सांगितलं. यांनी पुन्हा एकदा पाटी वाचली. मग म्हणाले, "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मग चाळीस वर्षं मी कुणाची अब्रू झाकत होतो?"

"माझीच," मी म्हटलं. "आणि मी चाळीस वर्षं तुमच्या ज्या हुशारीचं कौतुक करत होते, ती तुम्ही दाखवलीच नव्हती."

त्यावर हे जे हसायला लागले! तुझे मामा हसले की खांदे हलतात, आवाज होत नाही, पण परवा आवाजही झाला. मलाही आवरेना. चॅपलमध्ये दोन म्हातारी माणसं डोळे पुसत हसतायत, आणि सिस्टर किल्ल्या वाजवत आल्या, काय झालं म्हणून. त्यांना सांगायला तोंड उघडलं की पुन्हा हसू. यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून तो कागद, आणि सिस्टरच्या हातात ठेवला. घड्यांवर फाटलेला, पण माझं अक्षर अजून वाचता येतं. चाळीस वर्षं जपला होता. माझी चूक म्हणून जपला होता, भिंगरे, आणि मला दाखवला नव्हता. असा माणूस मला समजूतदार वाटला होता, तो माझा अंदाज काही चुकला नव्हता.

तेवढ्यात मागे एक बाई येऊन थांबली. तरुण होती, डोक्याला रुमाल, बरोबर तिची आई. आमच्यामुळे तिला पाटीपर्यंत जाता येत नव्हतं. तिने हळूच विचारलं, "आजी, तुमचं झालं असेल तर मी हात ठेवू का?"

मी उठायला लागले. यांनी माझा हात धरला, मला पाटीजवळ नेलं आणि आम्ही दोघं एकेका बाजूला उभे राहिलो. ज्या पाटीचं नाव या माणसाने कधी घरात काढू दिलं नव्हतं, तिच्याकडे बोट दाखवून हे त्या मुलीला, तिच्या आईला, सिस्टरना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठेव बाळ, निवांत ठेव. हिने लिहिलंय आणि मी कोरलंय."

तिने बराच वेळ हात ठेवला.

तुझी
मामी